रोहित पक्ष्याचे पाय मातीत का टिकत नाहीत?

ऐरोलीहून तुम्ही चार गोष्टी विचारल्या आहेत. गेली दोन वर्षे तुम्ही मातीकाम करता, खाडीतले रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, घडवण्याचा तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा पाय वाळतानाच मोडले, तर आता मातीऐवजी दगडाकडे वळावे का, हा पहिला प्रश्न. घराजवळच्या खाडीतला चिखल वापरता येईल का, हा दुसरा. निसर्गापासून प्रेरणा घ्यायची म्हणजे पक्षी, पाने, फुले हुबेहूब करायची की आणखी काही, हा तिसरा. आणि तयार झालेले शिल्प सोसायटीच्या बागेत उघड्यावर ठेवले तर टिकेल का, हा चौथा. मी तीस वर्षे ठाण्यात माती आणि दगड या दोन्ही माध्यमांत काम करतो आहे. उत्तर थोडे लांबणार आहे, कारण पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते एकच आहे आणि ते दोन ओळींत सांगितले तर पटणार नाही.

आधी चिखलाचे सांगून टाकतो, कारण तिथे दुमत नाही. खाडीचा चिखल वापरू नका. ठाणे खाडीच्या काठची कांदळवने कायद्याने संरक्षित आहेत, खाडीचा काही भाग 2015 पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे आणि 2022 पासून त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळाचा दर्जाही आहे. तिथला डबाभर चिखल उचलणेही गैरच. कायदा बाजूला ठेवला तरी तो चिखल भाजण्याच्या कामाचा नाही, हे मी स्वतःच्या मूर्खपणातून शिकलो. विद्यार्थिदशेत मी कळव्याच्या बाजूने एक डबा भरून आणला होता. हाताला तो लोण्यासारखा लागतो, आकार चटकन घेतो, त्यामुळे मोह पडतो. त्याची मी वीतभर चिंबोरी केली, सावलीत वाळवली आणि ओळखीच्या भट्टीत भाजून घेतली. भट्टीतून ती अगदी धड बाहेर आली. चौथ्या दिवशी कवचावर पांढरे ठिपके दिसू लागले आणि पंधरा दिवसांत प्रत्येक ठिपक्यावरची खपली उडून देवीचे व्रण असावेत तसे खड्डे पडले. त्या चिखलात शिंपल्यांचा बारीक चुरा असतो. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. साडेआठशे-नऊशे अंशांपर्यंत तापला की त्याचा कळीचा चुना होतो, आणि भट्टी थंड झाल्यावर हा चुना हवेतला ओलावा शोषून फुगतो व वरची माती ढकलून देतो. मीठ धुऊन काढता येते असे तुम्हांला कोणी सांगेल, आणि पाच-सहा वेळा पाणी बदलले तर बरेचसे निघतेही; पण उरलेले मीठ वाळताना पृष्ठभागावर येते आणि जुन्या भिंतीला लोणा लागावा तसा थर शिल्पावर धरतो.

गणपतीच्या कारखान्यांत वापरतात ती शाडूची माती बारीकसारीक घडणीला फार चांगली आहे, पण ती कच्ची राहण्यासाठी आणि विसर्जनाच्या पाण्यात विरघळण्यासाठी आहे. सरावाला, किंवा ज्यावरून प्लास्टरचा साचा काढायचा आहे अशा कामाला ती जरूर वापरा. भाजायचे असेल तर ग्रॉग मिसळलेली तयार टेराकोटाची माती घ्या. ग्रॉग म्हणजे आधीच भाजलेल्या मातीचा रवा. तो एकदा आकसून झालेला असल्यामुळे पुन्हा आकसत नाही, आणि मातीच्या पोटातल्या वाफेला बाहेर पडायला वाट ठेवतो. हात थोडे खरखरीत होतात, एवढीच त्याची किंमत.

आता पक्ष्याचे पाय. तुम्ही लिहिलेले नाही, पण पायांच्या आत तुम्ही तार घातली असणार. नव्याने शिकणारे बहुतेक जण घालतात, मीही घालत होतो. ओली माती वाळताना शंभराला पाच ते आठ भाग आकसते आणि भाजताना आणखी थोडी आकसते. सगळे मिळून दहा टक्क्यांच्या आसपास धरून चालावे. बारा इंच लांबीचा पाय नुसता वाळतानाच पाऊण इंचाने आखूड होऊ पाहतो आणि आतली तार बाराच इंच राहते. मातीला तारेवरून सरकता येत नाही, म्हणून ती जागोजाग फाटते आणि पायाभोवती बांगड्यांसारख्या आडव्या चिरा पडतात. तुमच्या चिरा आडव्या होत्या का, हे आठवून पाहा. दुसरे कारण वाळण्याच्या वेगातले आहे. पेन्सिलीच्या जाडीचा पाय एका दिवसात सुकतो आणि वरचे नारळाएवढे धड आठवडाभर ओले राहते. सुकलेला भाग आकसून मोकळा झालेला असतो, ओला भाग अजून आकसायचा असतो, आणि दोघांची ओढाताण मांडीच्या सांध्यावर येते. तारेचे आर्मेचर, म्हणजे आतला आधाराचा सांगाडा, हे जी माती वाळू द्यायची नसते तिच्यासाठी असते: माती ओली ठेवून घडवायची, साचा काढायचा, आणि मग ती मोडून पुन्हा मातीच्या हौदात टाकायची.

दगडात गेल्याने ही अडचण सुटत नाही, उलट वाढते. आपल्या डोंगरांचा काळा दगड, बेसाल्ट, दाबाखाली प्रचंड ताकदवान असतो, पण ओढीखाली किंवा वाकताना त्याची ताकद दाबाच्या ताकदीच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर येते. त्यातून बोटाच्या जाडीचा, फूटभर लांबीचा पाय कोरायला घेतला तर तो उभा राहण्याआधी टाकीच्या, म्हणजे छिन्नीच्या, धक्क्यानेच तुटेल. हे आपल्या पूर्वीच्या कारागिरांना पक्के ठाऊक होते. घारापुरीला ज्याच्यामुळे एलिफंटा हे नाव पडले तो दगडी हत्ती आता भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी उभा आहे. त्याचे चार पाय पाहा, ते खांब आहेत. 1864 मध्ये त्याला इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना तो पडून तुटला आणि पुढे तुकडे जोडून उभा केला गेला. शतकानुशतके पायांवर उभा असलेला दगड साखळीवर लटकल्यावर टिकला नाही, ही गोष्ट मी नव्या मुलांना नेहमी सांगतो. याउलट ठाण्याहून लोकल पकडून सीएसएमटीला उतराल तेव्हा गर्दीत दोन मिनिटे थांबून मान वर करा. 1888 मध्ये पूर्ण झालेल्या त्या इमारतीवर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी कोरलेले मोर, माकडे, घुबडे आहेत, आणि त्यांतला एकही प्राणी बारीक पायांवर मोकळा उभा नाही. कोणी पानांच्या गर्दीला टेकलेला आहे, कोणी भिंतीतून अर्धाच बाहेर आलेला आहे. पक्ष्याचा नाजूकपणा त्यांनी मानेच्या वळणातून आणि पिसांच्या ओळींतून दाखवला. वजन भिंतीवर सोपवले.

तेव्हा माध्यम बदलण्यापूर्वी पक्षी पुन्हा एकदा पाहा, असे मी सुचवीन. तुम्ही ऐरोलीत राहता, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत हे पक्षी तुमच्या दारातच असतात. किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून हंगामात बोट सुटते, तिचा लाभ घ्या. पण माझ्या मते शिल्पकारासाठी त्याहून चांगली जागा म्हणजे नेरुळ-सीवूड्सच्या बाजूच्या पाणथळी. ओहोटीला हे पक्षी खाडीच्या उघड्या चिखलावर चरत असतात आणि भरतीने तो चिखल बुडाला की अशा उथळ पाण्यावर विसाव्याला येतात. भरतीचे वेळापत्रक पाहून जा, मोबाइल खिशात ठेवा आणि झोपलेला पक्षी बघा. मान मागे वळून पाठीवर पडलेली असते, चोच पिसांत खुपसलेली असते, एक पाय पोटाखाली ओढून घेतलेला असतो. दुरून पाहिले तर तो शंखासारखा स्वतःभोवती गुंडाळलेला एक घट्ट गोळा दिसतो. हा गोळा मातीला येतो. मानेचा वळसा मातीच्या वळकटीचाच आहे. तो धडावर टेकलेला असल्यामुळे धडाबरोबरच वाळतो आणि तुटत नाही. पाय गाळून टाका, गोळा सरळ एका ओबडधोबड पाटावर बसवा. पाहणारा पाय मनाने पुरवून घेतो. पायांवाचून करमतच नसेल तर ते आठ मिलिमीटरच्या लोखंडी सळईचे करा, त्यात काही कमीपणा नाही. फक्त ओल्या मातीतच दहा मिलिमीटरचे भोक पाडून ठेवा, कारण भोकही मातीबरोबर आकसते, आणि सळई भाजून झाल्यावर बसवा.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर याच वाटेवर आहे. निसर्गातून आकृती उचलण्यापेक्षा ती आकृती कशी झाली हे उचलावे, आणि तसे घडण्याची रीत आपल्या माध्यमाला जमते का ते पाहावे. झाड, फळ, शंख, प्राण्याचे अंग हे सारे आतून बाहेर वाढते. नदीतला गोटा, कड्याची धार, समुद्राने पोखरलेला खडक हे बाहेरून आत झिजत जातात. मातीत आपण भर घालतो, आतून बोटांनी दाब देऊन फुगवतो, म्हणून वाढीचे आकार तिला आपलेसे वाटतात. दगडात आपण काढतच जातो, म्हणून झिजेचे आकार त्याला शोभतात. हा नियम नाही, आणि ज्यांनी तो मोडला त्यांत थोर कारागीर आहेत. पण ज्याला सुरुवात करायची आहे त्याने उलट्या प्रवाहात पोहायला सुरुवात करू नये.

मातीसाठी मी देतो तो एक धडा सांगतो. जांभळी नाक्याच्या बाजारात काष्ठौषधींच्या दुकानात जाऊन दहा-बारा मुरुडशेंगा मागा. बाळगुटीत उगाळतात ती ही शेंग. येऊरच्या जंगलात तिची झुडपे आहेत, पण राष्ट्रीय उद्यानातून काहीही तोडून आणायचे नसते. एक शेंग दोन बोटांत धरून हळूहळू फिरवा. पाच पातळ फळ्या एकमेकींभोवती दोरासारखा पीळ घेऊन वर जातात, टोकाला अणकुचीदार होतात आणि देठाशी किंचित सुटतात. तिचे चित्र काढू नका. मातीच्या पाच सारख्या वळकट्या करा, देठाशी एकत्र दाबा आणि दोन्ही हातांनी पिळा. पहिल्यांदा मधली वळकटी दबून नाहीशी होईल. दुसऱ्यांदा पीळ एकाच जागी गोळा होईल आणि तिथे चीर जाईल. मग लक्षात येते की शेंगेत पीळ सगळीकडे सारखा नाही: मधे तो घट्ट आहे आणि दोन्ही टोकांना सैल. हे शेंग पाहून समजत नाही, पिळूनच समजते. माझ्याकडच्या एका विद्यार्थिनीने या धड्यातून पुढे दोन फुटांचे एक शिल्प केले, त्याला पाहून कोणालाही मुरुडशेंग आठवत नाही, पण त्यात काहीतरी वाढते आहे असे प्रत्येकाला वाटते. मुंबईत जन्मलेल्या मृणालिनी मुखर्जी (1949–2015) यांनी दोरांना गाठी मारून, आणि नंतर मातीत व काशात, जे केले ते याच जातीचे आहे. त्यांचे आकार वनस्पतींचे असतात आणि वनस्पती मात्र ओळखता येत नाही. तुमच्या घरासमोरच्या तिवराच्या मुळांचेही असेच आहे. चिखलातून बोटांसारखी वर आलेली ती श्वसनमुळे सगळेच जण काड्या खोचल्यासारखी करतात. प्रत्यक्षात ती चिखलाखालच्या आडव्या मुळातून ओळीने वर येतात, आणि ती ओळ दाखवली तर पाच मुळेही पुरतात. ती नाही दाखवली तर पन्नासही पुरत नाहीत.

दगडासाठी पुस्तक म्हणजे आपला डोंगर. येऊर, पारसिक, सगळी सह्याद्रीची बाजू ही साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांची आहे. नवी मुंबईच्या अंगाने पारसिकच्या डोंगरावर खाणींनी उभे कापलेले कडे आहेत. त्यांत दगडाच्या उभ्या-आडव्या सांधी उघड दिसतात, आणि जिथे पाणी वर्षानुवर्षे मुरले तिथे चौकोनी ठोकळ्यांचे कोपरे आधी कुजून कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटतात व आत टणक गोल गोटा उरतो. हे एकदा पाहिले की दगडात गोल आकार कुठून काढायचा, हे कळू लागते: कोपऱ्यांपासून, पापुद्र्यापापुद्र्याने. जपानी-अमेरिकन शिल्पकार इसामू नोगुची (1904–1988) यांनी उतारवयात बेसाल्टमध्ये बरेच काम केले. गोट्याची गंजलेली तपकिरी कातडी ते बहुतांशी तशीच ठेवत, मोजक्या जागी टाकी चालवत आणि त्याहून मोजक्या जागी घासून आरशासारखा काळा प्रकाश काढत. दगड स्वतः जेवढा झिजला तेवढा झिजला, आपण त्यात थोडी भर घालायची, ही वृत्ती मला फार शिकवून गेली. आपल्याकडे रामकिंकर बैज यांनी 1938 मध्ये शांतिनिकेतनात ‘संथाळ कुटुंब’ घडवले ते सिमेंट आणि तिथल्याच लाल जांभ्याच्या खडीत. ते शिल्प त्या मातीतून उठून चालू लागल्यासारखे वाटते, याचे अर्धे श्रेय त्या खडीला आहे. आणि मांडव्याला बोटीने उतरून सासवण्याला जाता आले तर शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (1891–1967) यांच्या घरातले संग्रहालय चुकवू नका. तिथली म्हैस पाहताना कातडीखालची हाडे कुठे वर येतात आणि मांस कुठे लोंबते एवढेच पाहा; बाकीचे पुन्हा गेलात की पाहता येईल.

एवढे सांगूनही तुम्हांला दगड करायचाच असेल, आणि तशी ओढ असणे चांगलेच आहे, तर पहिला दगड काळा घेऊ नका. आधी सिपोरेक्सचा, म्हणजे भिंती बांधायच्या हलक्या सच्छिद्र काँक्रीटचा, ठोकळा घ्या. कुठल्याही बांधकामावर तुकडे पडलेले असतात. तो कानशीनेही कापला जातो, त्यामुळे पाचही बाजूंनी एकदम विचार करण्याची सवय लागते. त्यानंतर शंखजिऱ्याचा मऊ दगड किंवा संगमरवर. काळ्या दगडाकडे जाण्याआधी एक दिवस पाथरवटाजवळ बसा. पाटे-वरवंटे, खलबत्ते विकणारे पाथरवट अजूनही रस्त्याकडेला दिसतात. टाकी किती तिरकी धरतात, प्रत्येक ठोक्यानंतर ती किंचित फिरवतात कशी, हातोडा मनगटाने नव्हे तर स्वतःच्या वजनाने कसा पडू देतात, आणि धार गेली की क्षणभरही न रेटता टाकी बदलतात, हे पाहून घ्या. लहानपणी आमच्या आळीत ‘टाकीऽऽ लावा’ अशी हाळी देत जाते आणि पाटा टाकवणारी बाई यायची. पाट्यावरचे ते एकसारखे ठिपके हा बेसाल्टवर करायचा सगळ्यात पहिला आणि सगळ्यात अवघड सराव आहे, असे माझे आजही मत आहे.

दगड निवडताना हातोडीने वाजवून बघतात, हे तुम्ही ऐकले असेल. अखंड दगड घंटेसारखा वाजतो, आत चीर असेल तर बद्द आवाज येतो. पण एवढ्यावर विसंबू नका. वीसेक वर्षांपूर्वी मी एका खाणीवरून कासवासाठी दोन फुटांचा दगड घेतला. तो छान वाजत होता, विकणाऱ्याने तर त्याची घंटाच करून दाखवली, आणि भर उन्हात घासाघीस करून वैतागलेल्या मी तो टेंपोत चढवून आणला. अठराव्या दिवशी मानेच्या जागी टाकी एकाएकी आत गेली. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकतात आणि त्या पोकळ्यांत पुढे झिओलाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक भरतात. माझ्या कासवाच्या गळ्यात मुठीएवढी पोकळी होती आणि तिच्यात पांढऱ्या सुयांचा झुपका चमकत होता. दिसायला फार सुंदर, कामाच्या दृष्टीने सत्यानाश. दोन दिवस मी त्या दगडाकडे पाहिलेही नाही. शेवटी मान कापून टाकली, आणि म्हणून ते कासव मान आत ओढून बसलेले आहे. तेव्हापासून मी दगड घेण्याआधी त्यावर दोन बादल्या पाणी ओततो आणि तो वाळेपर्यंत चहा पितो. सगळा दगड वाळल्यावरही जिथे काळी ओली रेघ राहते तिथे चीर असते, आणि जिथे पांढरे ठिपके दाटीने दिसतात त्या बाजूला नाजूक काम काढायचे नसते.

वजनाचाही हिशेब करा. काळ्या दगडाचा एक घनफूट सुमारे 80 किलो भरतो. दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि तीन फूट उंच ठोकळा म्हणजे जवळपास एक टन. राहत्या घराच्या खोल्यांचा स्लॅब दर चौरस मीटरला साधारण 200 किलो वापरातला भार धरून आखतात, तेव्हा घरात घनफुटाच्या वर जाऊ नका. शिवाय ग्राइंडरचा आवाज शेजारी दोन दिवस सहन करतात, तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी दार वाजवतो. मी वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात अर्धी जागा घेऊन काम करतो. तुमच्यासारख्या तिघी-चौघींनी मिळून असा गाळा घेतला तर परवडतो. धुळीबद्दल मात्र मी कोणाचेही ऐकून घेत नाही. बेसाल्टमध्ये मुक्त सिलिका, म्हणजे फुप्फुसाला घातक असे गारेचे कण, ग्रॅनाइट किंवा वालुकाश्मापेक्षा पुष्कळ कमी असते, पण ‘कमी’ म्हणजे ‘नाही’ नव्हे, आणि सिपोरेक्समध्ये व वाळलेल्या मातीतही ती असतेच. पाणी सोडून कापा, एन-95 मास्क नाकावर घट्ट बसवा, डोळ्यांना गॉगल लावा, आणि मातीच्या खोलीत केरसुणी कधीही फिरवू नका. ओल्या फडक्यानेच पुसा. फुप्फुसात गेलेली ही धूळ परत निघत नाही.

मातीत राहायचे ठरवलेत तर आपल्या हवेशी जमवून घ्यावे लागेल. ठाण्यात वर्षाला सुमारे 2500 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जुलैत जाड काम तीन-तीन आठवडे वाळत नाही, आणि वरून कोरडे दिसते म्हणून भट्टीत घातले की आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटते. तेही एकटे फुटत नाही, शेजारच्या कामांनाही घेऊन जाते. मे महिन्यात नेमके उलटे, पंख्याच्या वाऱ्याने एक बाजू आधी वाळते आणि काम वाकडे होते. माझा ठोकताळा असा की कोणतेही शिल्प आतून कोरून भिंत सगळीकडे पाऊण ते एक इंच ठेवावी, पातळ भाग प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळावेत आणि जाड भाग उघडे ठेवावेत, म्हणजे दोघे बरोबरीने वाळतात. गालाला लावून पाहा. गार लागले तर ओल शिल्लक आहे. भट्टीवाल्याला सुरुवातीचे काही तास उष्णता शंभर अंशांच्या खाली ठेवायला सांगा, आणि 573 अंशांच्या आसपास, चढताना आणि उतरतानाही, घाई करू देऊ नका, कारण त्या तापमानाला मातीतल्या क्वार्ट्झचे स्फटिक एकदम आकारमान बदलतात. आणि शिल्प सुरू करण्याआधीच भट्टीच्या आतल्या कप्प्याची मापे घ्या. हे लिहिताना मला हसू येते, पण दरवर्षी कोणीतरी दोन बोटे उंच झालेले शिल्प घेऊन भट्टीच्या दारात उभे असते.

राहिला बागेचा प्रश्न. शाडूचे कच्चे काम पहिल्या सरीतच जाईल. नीट भाजलेली टेराकोटा आपल्याकडे बर्फ पडत नसल्यामुळे उघड्यावर वर्षानुवर्षे टिकते, मात्र ती पाणी पीत राहते, म्हणून जमिनीला टेकवू नका; चार इंचांच्या ओट्यावर ठेवा आणि तळाला भोक ठेवा. पहिल्या पावसाळ्यातच तिच्यावर हिरवट शेवाळे धरेल. सेक्रेटरी ऑइलपेंट लावून देतो म्हणतील, ते नम्रपणे नाकारा; रंगाखाली अडकलेले पाणी पोपडे काढते. काळ्या दगडाची काळजीच नको. अंबरनाथचे शिवमंदिर 1060 मध्ये याच दगडात उभे राहिले आणि जवळपास हजार पावसाळे झेलून उभे आहे. बारीक कोरीव काम पुसट झाले आहे, मोठे आकार शाबूत आहेत. त्यावरून घ्यायचे ते एवढे की उघड्यावरच्या दगडात ज्याच्यावाचून शिल्पाचा अर्थ जातो, ते मोठ्या आकारांत ठेवावे आणि झिजून गेले तरी चालेल ते बारीक कामात.

पाण्याचा निचरा मात्र आधीच ठरवावा लागतो. कान्हेरीच्या कातळात पावसाचे पाणी टाक्यांपर्यंत नेणाऱ्या पन्हळी कोरलेल्या आहेत. त्या पाहायला श्रावणात जा, पाणी वाहत असताना. शिल्पात खोलगट जागा असेल तर तिच्यात पाणी साचते, डास होतात आणि महापालिकेचे फवारणीवाले सोसायटीला नोटीस धरतात, हे मी त्या कासवाच्या बाबतीत भोगले आहे. म्हणून शिल्प बागेत न्यायच्या आदल्या दिवशी त्यावर वरून तांब्याभर पाणी ओता. जिथे थांबेल तिथे खडूने खूण करा, तेवढ्या जागेपासून खालच्या कडेपर्यंत बोटभर रुंदीची पन्हळ काढा, आणि पुढे आलेल्या कडेच्या खालच्या अंगाला एक बारीक खाच द्या, म्हणजे पागोळी तिथेच तुटून खाली पडेल आणि पोटावरून ओघळणार नाही. टेराकोटात ही खाच माती ओली असतानाच द्यायची असते.